काका केळकर आणि मोडीचा तराजू

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाईच्या घराचा माळा आवरायला काढला. घर विकायचे ठरले होते, त्यामुळे चारही भावंडे जमलो होतो. माळ्यावरून निघालेल्या सामानाचे ओटीवर दोन ढीग केले, एक टाकायचा आणि एक विचार करायचा. दुसऱ्या ढिगात आजीचा अडकित्ता आला. पाते पोलादी, मुठी पितळी, आणि वरच्या अंगाला समोरासमोर बसलेले दोन राघू. अडकित्ता मिटला की दोघांच्या चोची एकमेकींना टेकतात.

थोरल्या अण्णांनी त्याचा फोटो कुणाला तरी पाठवला. संध्याकाळच्या आत जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून वहिनी माजघरातून हात पुसत बाहेर आल्या. मला मात्र १९७४ सालची एक दुपार आठवली.

तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दारावर मोडवाला आला होता. गावात स्टीलचे वारे शिरले होते. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लावून घासावे लागत नाही, याचे बायकांना किती सुख होते ते आज कळायचे नाही. आजीने दोन समया, एक घंगाळ आणि देवघरापुढचा लामणदिवा बाहेर आणून ठेवला. मोडवाल्याने सगळे एकत्र तराजूत घातले. लामणदिव्याची साखळी पोत्यात मावेना म्हणून त्याने ती पिळून आत कोंबली. बदल्यात आम्हाला झाकणाचे चार डबे मिळाले. फसवले असे कुणालाच वाटले नाही. पितळेचा जो भाव होता तो त्याने दिला होता.

पुढे कॉलेजसाठी पुण्यात आलो आणि शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगतच्या केळकर संग्रहालयात एका रविवारी सहज शिरलो. तिथे काचेपलीकडे एक लामणदिवा टांगलेला होता. आमचा नव्हे, पण त्याच घराण्यातला म्हणावा असा. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. हा दिवा पोत्यात का गेला नाही, याचे उत्तर शोधता शोधता दिनकर गंगाधर केळकर नावाच्या माणसाची ओळख झाली. पुणेकरांचे ते काका केळकर.

काकांचा जन्म १८९६ सालचा. धंदा चष्म्यांचा, छंद कवितेचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. त्या पिढीतल्या कवींना इतिहासाचे वेड असायचेच. पेशवाई जाऊन शंभर वर्षे झाली होती, पण पुण्याच्या पेठांतून तिची सावली हलली नव्हती. काकांचे वेड मात्र कवितेच्या वहीत मावेना. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. जुन्या सरदार घराण्यांच्या वाड्यांतून तेव्हा काय काय पडून होते, याची कल्पना आज करता येत नाही.

त्या काळी संग्रह म्हटला की तलवारी, नाणी, ताम्रपट आणि मूर्ती. राजेरजवाड्यांनी जमवायचे ते हिरेमाणके आणि विलायती घड्याळे. काकांची नजर अडकित्त्यावर गेली, पानाच्या डब्यावर गेली, अंग चोळायच्या वज्रीवर गेली. दौती, फण्या, कुलपे, सारीपाटाच्या सोंगट्या, स्वयंपाकघरातली भांडी, मुलांची खेळणी यांवर गेली. माणसाच्या हाताला रोज लागणारी वस्तू कारागिराने सुंदर का केली असेल, हा त्यांचा ध्यास होता. वज्री म्हणजे टाचा घासायचे साधन. ती नुसती खरखरीत असली तरी काम भागते. पण ती घडवणाऱ्याने तिच्या पाठीवर हत्ती बसवला, मोर बसवला. न्हाणीघरात ते कोण पाहणार होते? काकांनी पाहिले.

चष्म्याच्या दुकानात असे कितीसे मिळणार? पण मिळायचे ते वस्तूंत जायचे. गावोगाव हिंडायचे, जुन्या बाजारात बसायचे, घरोघरी जाऊन विनवायचे, असे चाळीस वर्षे चालले. महाराष्ट्र पुरेना म्हणून गुजरात, राजस्थान, दक्षिण असे सगळीकडचे येऊ लागले. कोरीव दरवाजे आले, पैठणची चित्रकथीची चित्रे आली, वाद्ये आली. घरात माणसांना जागा उरेना. हे सगळे निभावले ते कमलाबाईंमुळे. अशा माणसाचा संसार करणे म्हणजे काय, ते ज्या घरात एखादा पुस्तकवेडा किंवा घड्याळवेडा असेल त्या घरातल्या बाईला विचारावे.

मध्येच त्या घरावर आघात झाला. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. जे पुढे मुलाला द्यायचे ते कुणाला द्यायचे, हा प्रश्न कुठल्याही बापाला मोडून टाकणारा. काकांनी सारा संग्रहच मुलाच्या नावाने केला. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावात राजा हा किताब नाही, तो त्या मुलाचे नाव आहे. बाहेरगावचे पाहुणे अजून फसतात आणि हे कुठल्या संस्थानचे राजे म्हणून विचारतात. पहिल्या भेटीत मीही फसलो होतो.

१९६० पर्यंत वस्तूंचा आकडा १५,००० च्या घरात गेला होता. हा वेगही समजून घेतला पाहिजे. इनामे गेली, कूळकायदा आला, वाड्यांचे उत्पन्न आटले. मोठमोठ्या घरांतून सामान बाहेर पडू लागले ते याच वर्षांत. सागवान वखारीत जात होते, पितळ भट्टीत. संग्राहकांनीच वाडे रिकामे केले असा एक आक्षेप मी ऐकला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. वस्तू घरातून निघाली की ती कुणाच्या हातची, कुठल्या लग्नात आलेली, हे हळूहळू पुसले जाते. पण त्या वस्तूंच्या दारात तेव्हा दोनच माणसे उभी होती, काका आणि मोडवाला. आमच्या दारात मोडवाला आधी आला.

कोथरूडला पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी १७३४ मध्ये बांधलेल्या महालाचेही असेच. त्याचे उरलेसुरले भाग काकांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. आज मस्तानीचे नाव सिनेमामुळे घरोघरी आहे. तिच्या महालाचे लाकूड उचलून आणावे असे वाटणारा माणूस तेव्हा विरळाच होता. भारतीय दिव्यांवर काकांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली काढले. समई आणि निरांजन हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हेच अनेकांना तेव्हा नवे होते.

१९६२ मध्ये संग्रहालय रीतसर स्थापन झाले. आणि १९७५ मध्ये काकांनी ते सगळेच्या सगळे महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवले. एव्हाना जुन्या वस्तूंना परदेशात मागणी आली होती. संग्रहातला एखादा कोपरा विकला असता तरी म्हातारपण थाटात गेले असते. विकत घेण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस विकायला बसला नाही. पुणे विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, १९८० मध्ये पद्मश्री मिळाली. १९९० साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी काका गेले. मागे २०,००० हून अधिक वस्तू राहिल्या. त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात, बाकीच्या जागेअभावी आत आहेत.

तर आता आमचा अडकित्ता. व्यापारी दोन दिवसांनी प्रत्यक्ष आला. माणूस जाणकार होता. त्याने आधी वजन केले नाही, ही पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली. त्याने बोट फिरवून मुठीची झीज पाहिली. हात जिथे बसतो तिथेच पितळ गुळगुळीत हवे, खाचेत जुना मळ हवा. नवे पितळ रसायनाने काळे केले तर ते सगळीकडे सारखेच काळे होते, असे त्याने समजावले. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही त्यानेच सांगितले. मग वस्तू घरात कुणी आणली, केव्हा आणली, असे विचारू लागला. घराण्याची माहिती लिहून दिली तर किंमत वाढेल म्हणाला.

आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आजीच्या माहेरून आला एवढे अण्णांना ठाऊक होते. माहेर वाठारचे की कोरेगावचे, यावर त्यांचे आणि ताईचे एकमत होईना. आजीचे माहेरचे नाव मला आठवत होते, तिच्या आईचे कुणालाच नाही.

अण्णांच्या नातवाची परदेशी शिक्षणाची फी भरायची आहे, ती अडचण खोटी नाही. ताईचे म्हणणे अडकित्ता केळकर संग्रहालयात नेऊन द्यावा. मी म्हटले, तिथे अडकित्ते पुष्कळ आहेत, आधी विचारू तरी. व्यापाऱ्याने आठ दिवसांची मुदत दिली आणि तो चहा घेऊन गेला.

रात्री जेवणे झाल्यावर वहिनींनी पानाचे तबक काढले. सुपारी अख्खी होती आणि कातरायला घरात दुसरे काही नव्हते. त्यांनी ढिगातून अडकित्ता उचलला, पदराने पुसला आणि सुपारी कातरली. पात्याला अजून धार होती.