जेम्स जॉन बर्कली

जेम्स जॉन बर्कली (२१ ऑक्टोबर, इ.स. १८१९ – २५ ऑगस्ट, इ.स. १८६२) हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे पहिले मुख्य अभियंता होते. मुंबई–ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी रेल्वेमार्ग (१८५३) आणि बोरघाटाचा चढ त्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला.

लंडनमधील हॉलोवे येथे जन्मलेल्या बर्कलींचे शिक्षण किंग्ज कॉलेजात झाले. पुढे त्यांनी रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली काम केले. इंग्लंडमधील किल्स्बीच्या बोगद्यात धूर कोंडून प्रवासी गुदमरतील या भीतीने स्टीफन्सन यांनी डोंगरमाथ्यावरून सुमारे १८ मीटर व्यासाच्या दोन उभ्या विहिरी खोदविल्या होत्या. बर्कली १८५० मध्ये मुंबईत आले.

बोरघाटात ही पद्धत बहुतेक ठिकाणी लागू पडण्यासारखी नव्हती. कडे इतके उभे होते की वरून विहीर खोदणे अशक्य होते. त्यामुळे बोगदे केवळ दोन्ही तोंडांकडूनच पुढे न्यावे लागले. डायनामाइट अद्याप निघाले नव्हते. कठीण बेसाल्ट साध्या सुरुंगाच्या दारूने फोडावा लागे. आरपार छिद्र पडेपर्यंत बोगद्याचे एक टोक बंदच असे आणि प्रत्येक सुरुंगानंतरचा धूर मजूर आत आले त्याच वाटेने बाहेर पडे. सुमारे २५ किलोमीटरच्या या चढावर २५ बोगदे आहेत, पण सर्वांची मिळून लांबी ३.६ किलोमीटरच्या आसपास भरते. बोगदे आखूड असल्याने वाफेच्या इंजिनांचा धूर यंत्राविना, दोन तोंडांमधून वाहणाऱ्या वाऱ्याने निघून जाऊ शकला. ३७ फुटांस १ फूट अशा चढावर इंजिने पूर्ण जोर लावीत आणि धूरही तितकाच ओकत, हे ध्यानात घेता ही बाब किरकोळ नव्हती. हा धूर १९२९ मधील विद्युतीकरणाने कमी झाला.

जानेवारी १८६१ मध्ये येथे ४२,००० हून अधिक मजूर होते. पटकी आणि तापाने हजारो दगावले. बांधकामाच्या इतिहासात त्यांची नावे जवळजवळ आढळत नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येताच काही आठवड्यांत मरण पावले आणि काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी पुढे चालविले.

खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्येच सुरू झाला होता. तो दौंड आणि इंदापूर तालुक्यातील भिगवणवरून १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, तरी घाटात प्रवाशांना पालखी किंवा तट्टू करावे लागे. प्रकृती ढासळल्याने बर्कली १८६१ मध्ये इंग्लंडला परतले आणि सिडनहॅम येथे वारले. घाटमार्गाचे उद्घाटन २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झाले.