भाऊसाहेबांची डॉक्टरकी

आपल्या होस्टेलमधल्या बऱ्याच जणांना हे नाव महाडीबीटीच्या फॉर्ममुळे पाठ झालं आहे. 'डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना'. अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला बाहेरगावी राहतात, त्यांच्यासाठीची ही योजना. अकोल्याला जाणाऱ्याला हेच नाव कृषी विद्यापीठाच्या गेटवर दिसतं, आणि अमरावतीत तर कोणत्या ना कोणत्या पाटीवर ते असतंच. पण यातला 'डॉ.' कशाचा, असा प्रश्न मी आमच्या मेसमध्ये एका रविवारी टाकला. एक म्हणाला शेतीचा, दुसरा म्हणाला औषधाचा, तिसऱ्याने मानद पदवी ठरवून टाकली. आमच्या मेसच्या काकांनी तर, "मोठ्या माणसाले डॉक्टर म्हणतेच, त्यात का इचारतं?" म्हणून विषयच संपवला.

तो 'डॉ.' वेदांचा आहे. पापळच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने ऑक्सफर्डला जाऊन वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहिला आणि डॉक्टरेट मिळवली. आज ही गोष्ट सांगायची आहे ती याचसाठी, की पंजाबरावांचं पुढचं सगळं काम लोकांना ठाऊक असतं, पण त्याच्या मुळाशी असलेला हा अभ्यास मात्र भाषणातल्या एका वाक्यात उरकला जातो.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८चा. गाव पापळ, आताच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचं मूळ आडनाव कदम. देशमुख हे वतनामुळे चिकटलेलं. घर कुणबी शेतकऱ्याचं. गावच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते, म्हणून चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल असा शाळेचा प्रवास झाला. बाहेरगावी राहून शिकणं म्हणजे काय, हे त्यांना लहानपणीच कळलं होतं. मॅट्रिकनंतर पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, आणि तिथलं शिक्षण अर्धवट सोडून १९२० साली थेट विलायत! घरच्या शेतीवर पैसा उभा करून वडिलांनी त्यांना पाठवलं, असं आमच्या भागात सांगतात. कापसाच्या भावावर ज्यांचं घर चालतं, त्यांना यातली जोखीम वेगळी समजवायला नको.

आता एक क्षण थांबून १८९९ सालाकडे पाहू. पंजाबराव जेमतेम वर्षाचे असताना कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटलं. खुद्द छत्रपती शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असता त्यांच्यासाठी वेदातले मंत्र न म्हणता पुराणातले श्लोक म्हटले जात होते. कारण काय, तर पुरोहितांच्या मते महाराज क्षत्रिय नव्हते, म्हणून वेदमंत्रांवर त्यांचा हक्क नव्हता. गादीवरच्या राजाची ही गत, तर पापळच्या कास्तकाराच्या पोराला वेद कोण शिकवणार होतं?

आपल्याच जिल्ह्यात या प्रश्नाला एक वेगळं उत्तर त्याआधी मिळालं होतं, तेही सांगायला हवं. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५). जातीने कुणबी, आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेले. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी शास्त्रं आत्मसात केली आणि मराठीबरोबर संस्कृतातही ग्रंथरचना केली. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. त्यांचा मार्ग भक्तीचा होता. ते गेले तेव्हा पंजाबराव सोळा वर्षांचे शाळकरी विद्यार्थी होते. दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या, पण परवानगी मागायला दोघंही थांबले नाहीत, एवढं साम्य मला फार मोठं वाटतं.

तर विलायत. पंजाबरावांनी एडिंबरो विद्यापीठात संस्कृत घेऊन एम.ए. केलं. ए. बी. कीथ हे वेदवाङ्मयाचे नावाजलेले पंडित तेव्हा तिथे संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृतसाठीची व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती पंजाबरावांना मिळाली. पुढे ऑक्सफर्डला डी.फिल., आणि सोबत बॅरिस्टरीची परीक्षाही. बॅरिस्टरी समजू शकते, तिच्यावर घर चालतं. पण वेद? नोकरीच्या दृष्टीने पाहिलं तर बिनकामाचा विषय! आपल्या काउन्सेलिंगच्या भाषेत सांगायचं तर 'स्कोप नसलेली ब्रँच'.

प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. १९३३ साली तो ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने इंग्रजीत पुस्तकरूपाने काढला. पुस्तक भारी आहे, मी ते ठिकठिकाणी वाचलंय, सगळं पचलं असा दावा नाही. पण त्याची रीत आपल्यासारख्यांना पटकन समजेल अशी आहे, कारण ती बरीचशी रिव्हर्स इंजिनिअरिंगसारखी आहे. समोर तयार यंत्र आहे, ते आधी कसं असेल हे सुटे भाग पाहून ठरवायचं. आपला वैदिक द्यौस् पिता, ग्रीकांचा झ्यूस आणि रोमनांचा ज्युपिटर ही नावं शेजारी ठेवली की त्यांच्यामागे एकच जुना आकाशदेव दिसू लागतो. मग इराणकडे वळायचं. आपला सोम, अवेस्तात हओम. आपला यज्ञ, तिकडे यस्न. आपला मित्र, त्यांचा मिथ्र. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे पुढे राक्षस ठरलेला असुर तिकडे अहुर म्हणून सर्वोच्च देव झाला, तर आपले देव तिकडे दएव म्हणजे दुष्ट ठरले! पंजाबरावांच्या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने जाते. धर्मकल्पना मुळात कशी उपजली, मग इंडो-युरोपीय काळ, मग इंडो-इराणी काळ, आणि शेवटी वेद.

याचा अर्थ काय होतो तो पाहा. धर्माला इतिहास आहे. तो वाढला, बदलला, शेजाऱ्यांशी भांडला, नवे देव घेतले, जुने मागे टाकले. जी गोष्ट बदलत आली ती आजही बदलता येते. पंजाबरावांनी परत आल्यावर जे केलं त्याची किल्ली मला इथे सापडते. त्यांनी हे असं कुठे लिहून ठेवलंय असं मी म्हणत नाही, माझा अंदाज आहे.

ऋग्वेदात एक हजार अठ्ठावीस सूक्तं आहेत, आणि त्यात आपल्या वऱ्हाडी माणसाला ओळखीचं बरंच काही सापडतं. चौथ्या मंडलात क्षेत्रपतीचं सूक्त आहे. शेताचा धनी, नांगर, बैल, तास, पाऊस असं सगळं त्यात आहे. दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं प्रसिद्ध सूक्त आहे. बायको गेली, घर गेलं, सासू तोंड पाहत नाही, आणि शेवटी त्याला सल्ला काय मिळतो, तर फासे टाक आणि शेती कर. हे सूक्त परंपरेने कवष ऐलूष या ऋषीच्या नावावर आहे (दुसरं नाव अक्ष मौजवताचं येतं). आता हा कवष कोण? ऐतरेय ब्राह्मणात त्याची गोष्ट आहे. सरस्वतीच्या काठी ऋषींचं सत्र चाललेलं. दासीचा पोर आमच्यात कसा बसला, म्हणून त्यांनी कवषाला उठवलं आणि तहानेने मरावा म्हणून निर्जळ जागी हाकलून दिलं. तिथे त्याला पाण्याचं सूक्त स्फुरलं, आणि सरस्वती त्याच्याभोवती धावत आली. ऋषींना त्याला परत बोलवावं लागलं. पाणवठ्यावरून माणसाला हाकलणाऱ्यांनी ही गोष्ट वाचली नव्हती, की वाचून विसरले, देव जाणे. ज्याने मूळ ग्रंथ वाचले आहेत त्याला मात्र शास्त्राचा धाक दाखवता येत नाही.

१९२६ साली पंजाबराव अमरावतीला परतले आणि वकिली सुरू केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली. पंजाबरावांनी अमरावतीत काढलेल्या वसतिगृहाला श्रद्धानंद छात्रालय असं नाव दिलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, जेवणाची पंगत एक. आज आपल्याला मेसमध्ये कोण कुठला हे विचारायची गरजच पडत नाही, भांडण फक्त पोळ्यांच्या जाडीवरून. त्या काळी मात्र या एका पंगतीवरून गावंच्या गावं बिथरायची.

मग आलं १९२७. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली आणि पंजाबराव तिच्या पुढाऱ्यांत होते. १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम वारल्याची बातमी त्यांना इथे अमरावतीतच कळली, तरी परिषद पार पडली. मंदिराच्या पंचांना विचाराला वेळ द्यावा म्हणून सत्याग्रह तूर्त पुढे ढकलण्यात आला. पंचांच्या बाजूला दादासाहेब खापर्ड्यांसारखी वजनदार माणसं होती. एका बाजूला असा दबदबा, दुसऱ्या बाजूला वेदाचा डॉक्टर, आणि तो म्हणतोय दार उघडा. जुन्या मंडळींची त्यामुळे केवढी पंचाईत झाली असेल! धर्म शिकून ये बाबा, मग बोल, असं त्याला कुणी म्हणूच शकत नव्हतं.

त्याच महिन्याच्या २६ तारखेला पंजाबरावांनी लग्न केलं, तेही जातीबाहेर. मुंबईच्या वैद्य घराण्यातल्या सोनार समाजाच्या विमलाबाई त्यांच्या पत्नी झाल्या. पुढे त्या बी.ए., एलएल.बी. झाल्या.

१९२८मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणं आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणं, ही त्यांची तिथली कामं. विहिरींचा निर्णय वाचताना मला तो कवष आठवल्यावाचून राहत नाही. १९३०मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले, शिक्षण आणि शेती अशी खाती त्यांच्याकडे आली. १९३२ साली त्यांनी देवस्थानांच्या संपत्तीबद्दलचं बिल कायदेमंडळात मांडलं. देवळात साठणारा पैसा लोकांच्या कामी यावा, हा त्यामागचा विचार. हे सनातन्यांना पचणं शक्यच नव्हतं. १९३३मध्ये ते मंत्रिपदावरून बाहेर पडले. प्रबंध छापून आला तोही याच वर्षी.

शिवाजी शिक्षण संस्था याच सुमारास उभी राहिली. तिच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्यापैकी अनेकांचे आईवडील तिच्याच शाळा-कॉलेजांत शिकले आहेत. अकोल्याला बाभूळगावचं इंजिनिअरिंग कॉलेजही याच संस्थेचं. दिल्लीचा काळही थोडक्यात सांगतो. घटना समितीचे सदस्य, १९५२पासून सलग तीनदा अमरावतीचे खासदार, १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खात्याचे मंत्री. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रचार त्यांनी केला, १९५५मध्ये भारत कृषक समाज काढला, आणि १९५९च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. शेतकऱ्यांत त्यांचं नाव झालं ते या काळामुळे. मग 'डॉ.' शेतीचाच असणार, असं लोकांनी धरून चालावं यात नवल नाही.

वेदाचं पुढे काय झालं, असं एका ज्युनिअरने मला विचारलं. दुसरा असा ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. एखाद्या विद्यापीठात खुर्ची मिळवून ते आयुष्यभर सोम-हओम करत बसले असते तर संशोधनात त्यांचं नाव आणखी मोठं झालं असतं, हे खरं. मला विचाराल तर त्यात नुकसान पंडितांचं झालं, आमच्या आजोबांच्या पिढीचं नाही. त्या पिढीला शाळा मिळाली.

१० एप्रिल १९६५ला भाऊसाहेब दिल्लीत वारले. दोन वर्षांनी, १९६७मध्ये, विमलाबाई राज्यसभेवर गेल्या. अकोल्याचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं ते २० ऑक्टोबर १९६९ला, आणि त्याला पंजाबरावांचं नाव मिळालं.