गुणतक्ता आणि फॉन नॉयमन

साखळी सामन्यांतील संघांची नावे एका अ‍ॅरेत, गुण दुसऱ्यात. गुणांच्या उतरत्या क्रमाने तक्ता लावा. प्रयोगशाळेत हे उदाहरण घालताना मला जॉन फॉन नॉयमन आठवतात.

बुडापेस्टच्या एका बँकरच्या घरी २८ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. १९२६ मध्ये गणितातील डॉक्टरेट, १९३३ पासून प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत प्राध्यापक, पुढे अणुबाँबच्या प्रकल्पातील किचकट आकडेमोड. १९४४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संगणक त्यांच्या पाहण्यात आला आणि ते त्या कामात ओढले गेले.

१९४५ साली, एडव्हॅक हे यंत्र कागदावरच असताना, त्यांनी शाईने त्याचा प्रोग्राम लिहून काढला. विषय? आकड्यांची क्रमवारी! यंत्र गणिते करणारच. निव्वळ तुलना आणि मांडामांड त्याला झेपेल का, हे त्यांना पडताळायचे होते. रीत सोपी आहे. क्रमाने लावलेल्या दोन याद्यांची फक्त तोंडे ताडायची, आधी लागणारा आकडा उचलायचा, की दोहोंची एक यादी होते. प्रत्येक नोंदीत एक मुख्य आकडा आणि त्याला जोडलेले इतर. मुख्य आकडा हलला की सारे बिऱ्हाड हलते. आमची मुले नेमके हेच विसरतात. गुण वर जातात, नाव जागीच राहते, आणि तळाच्या संघाला करंडक मिळतो!

आपण ‘आय’ एकाने वाढवला की पुढचा घटक हाती येतो. त्यांना ही सोय नव्हती. दर फेरीला सूचनेतला पत्ता प्रोग्रामनेच बदलायचा. सूचना आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवल्यामुळेच हे जमले.

पण ही रचना मांडणाऱ्या जून १९४५ च्या मसुद्यावर नाव एकट्या फॉन नॉयमन यांचे. यंत्रासाठी खपलेले एकर्ट आणि मॉकली त्यावर नाहीत. मसुदा वाटला गोल्डस्टाइन यांनी, हे खरे. तरी मला ते खटकते. मसुदा जगजाहीर झाल्याने त्या दोघांचा पेटंटचा मार्गही बंद झाला.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, कर्करोगाने वॉशिंग्टनमध्ये फॉन नॉयमन यांचे निधन झाले. ते हस्तलिखित टिकले. १९७० साली डोनाल्ड कनूथ यांनी त्याचे बारकाईने केलेले विवेचन प्रसिद्ध केले.