बाळाला पॉटीची सवय लावायची घाई का करू नये? ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलेल्या डॉक्टरने अख्ख्या अमेरिकेला हे पटवलं होतं

बाळ सहा-आठ महिन्यांचं होईपर्यंत त्याला ठरलेल्या वेळी शी करायची सवय लागलीच पाहिजे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या आयांना हेच सांगितलं जायचं. सरकारने छापलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तिकेतही तोच सल्ला होता. वेळेवर शी व्हावी म्हणून बाळाच्या गुदद्वारात साबणाची छोटी कांडी सरकवायचा उपायही तेव्हा सुचवला जायचा.

ही घाई ज्यांनी थांबवली, त्यांच्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे डॉ. बेंजामिन स्पॉक.

कडक शिस्तीत वाढलेला मुलगा

स्पॉक यांचा जन्म २ मे १९०३ रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील रेल्वेचे वकील होते, पण घरात चालायचं आईचं. ती अतिशय कडक होती.

येल विद्यापीठात शिकताना ते नौकानयनाच्या संघात होते. या संघाने १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. पुढे कोलंबिया विद्यापीठातून १९२९ मध्ये ते डॉक्टर झाले, तेही वर्गात पहिले येऊन. बालरोगशास्त्रासोबत त्यांनी मनोविश्लेषणाचंही शिक्षण घेतलं. त्या काळात हे दोन्ही शिकलेला डॉक्टर शोधूनही सापडणं अवघड होतं.

पुस्तकाने काय बदललं?

न्यूयॉर्कमध्ये प्रॅक्टिस करताना त्यांनी बाळांच्या संगोपनावर पुस्तक लिहायला घेतलं. ते मजकूर सांगायचे आणि पत्नी जेन टाइप करायच्या. १९४६ मध्ये पुस्तक बाजारात आलं. त्याची स्वस्त आवृत्ती फक्त २५ सेंटला मिळायची. स्पॉक यांच्या निधनापर्यंत त्याच्या जवळपास ५ कोटी प्रती खपल्या होत्या.

पॉटीबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. बाळाशी भांडू नका, त्याला लाजवू नका, जबरदस्तीने बसवून ठेवू नका. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तर त्यांनी सुरुवातीचं वय दीड-दोन वर्षांपर्यंत पुढे नेलं.

यामागे कारण होतं. शी-शू रोखणाऱ्या स्नायूंवर बाळाचा ताबा यायला वेळ लागतो. मूल चालायला लागलं, दोन तास कोरडं राहायला लागलं, शी लागल्याचं खुणेने किंवा शब्दांत सांगू लागलं, की ते तयार होतंय असं समजायचं. त्याआधी जबरदस्ती केली तर मूल शी दाबून धरतं. दाबली की ती कडक होते, करताना दुखतं आणि दुखतं म्हणून मूल आणखी दाबतं. यातून बद्धकोष्ठता सुरू होते आणि रोजची पॉटी ही आई आणि मुलातली लढाई होऊन बसते.

१९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाच्या कलाने घेतल्यावर दिवसाची सवय सरासरी साधारण २८ महिन्यांत लागली होती. म्हणजे थांबणाऱ्या पालकांची मुलंही डायपर सोडत होतीच.

टीका आणि खटला

स्पॉक नुसतं पुस्तक लिहून थांबले नाहीत. ज्या मुलांना वाढवायला मदत केली त्यांनाच व्हिएतनामच्या युद्धात मरायला पाठवलं जातंय, हे त्यांना मान्य नव्हतं. सैन्यभरतीला विरोध करण्याच्या कटात सामील झाल्याबद्दल १९६८ मध्ये त्यांना २ वर्षांची शिक्षा झाली. १९६९ मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली. स्पॉकच्या लाडावणाऱ्या सल्ल्यामुळेच तरुण बिघडले, अशी टीका याच काळात जोरात झाली. खरं तर मुलांना मर्यादा हव्यातच, असंही त्यांनी लिहिलं होतं.

त्यांचा प्रत्येक सल्ला मात्र टिकला नाही. बाळाला पालथं झोपवण्याचा त्यांचा सल्ला पुढे धोकादायक ठरला. आज डॉक्टर बाळाला पाठीवर झोपवायला सांगतात.

१५ मार्च १९९८ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी स्पॉक यांचं निधन झालं. पॉटीबाबतचा त्यांचा सल्ला मात्र अजून चालतो. मूल तयार आहे का ते आधी बघा, कॅलेंडर नंतर, हेच आजचे बालरोगतज्ज्ञही सांगतात.