वेदनेचे मोल ओळखणारे शल्यविशारद : डॉ. पॉल ब्रँड

तामिळनाडूतील कोल्ली डोंगरावर सेवा करणाऱ्या जेसी व एव्हलिन ब्रँड या मिशनरी दांपत्याच्या पोटी १७ जुलै १९१४ रोजी पॉल यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. १९२९ साली वडील डोंगरावरच तापाने निवर्तले. पितापुत्रांची पुन्हा भेट झाली नाही. मिशनकार्यात उपयोगी पडावे म्हणून पॉल प्रथम सुतारकाम व बांधकाम शिकले. पुढे लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते शल्यविशारद झाले आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

लवकरच डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्यासमवेत त्यांनी चेंगलपेट येथील कुष्ठरोग्यांची वसाहत पाहिली. एका रोग्याची बोटे पक्ष्याच्या नखांप्रमाणे आत वळली होती. ब्रँड यांनी त्याला आपला हात दाबावयास सांगितले, तो त्या निर्जीव भासणाऱ्या हाताची पकड इतकी घट्ट निघाली की ते कळवळले. हाताचे बळ गेलेले नव्हते. मग बोटे वाकली कशाने?

संशोधनाअंती कारण उमगले. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत, कोपर, घोटा, चेहरा अशा ठिकाणी त्वचेलगत धावणाऱ्या मज्जातंतूंवर आघात करतात. त्यामुळे तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात. परंतु दंडाजवळ शाखा मिळालेले अग्रबाहूचे मोठे स्नायू शाबूत राहतात. हा तोल बिघडल्याने बोटे आकसतात. तेव्हा ब्रँड यांनी शाबूत स्नायूची कंडरा बोटांपर्यंत नेऊन जोडण्याची शस्त्रक्रिया आरंभिली, आणि वाकलेली बोटे उघडू लागली.

दुसरे कोडे याहून गहन होते. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात, अशी सर्वत्र समजूत होती. एकदा गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका रोगी मुलाने पुढे होऊन किल्ली सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त टपकत होते आणि जखम हाडापर्यंत गेली होती, पण त्याला त्याची जाणीवही नव्हती. काही रोग्यांची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडीत, तरी त्यांना जाग येत नसे. बोटे गळत नव्हती. वेदनेचा इशारा नाहीसा झाल्यामुळे भाजणे, कापणे, चिघळणे यांनी ती झिजत होती. पापण्या मिटेनाशा होऊन दृष्टीही जाई. त्यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट यांनी नेत्ररक्षणाचे काम अंगावर घेतले.

मात्र शस्त्रक्रियेने सर्व साधले नाही. हात सुधारलेल्या रोग्याला गावात कोणी काम देईना, आणि सरळ बोटांमुळे भीकही मिळेना. म्हणून वेल्लोर येथे नवजीवन केंद्र उभारून रोग्यांना उद्योग शिकविण्यात आले. तारुण्यात शिकलेले सुतारकाम ब्रँड यांच्या असे कामी आले. बधिर हाताने रंधा व करवत कशी जपून वापरावी, हे त्यांनी स्वतः शिकविले.

१९६६ मध्ये ते अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहानेही पाय बधिर होतात व नकळत व्रण पडतात, हे ओळखून त्यांनी तेच ज्ञान त्या रोग्यांसाठी वापरले. पाय रोज तपासणे, योग्य पादत्राणे घालणे आणि व्रण भरेतो त्यावर भार न देणे, हा त्यांचा साधा उपदेश असे. ८ जुलै २००३ रोजी ते प्रभूच्या ठायी निजले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचविलेल्या बहुविध औषधोपचाराने आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. पण उपचारास विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी मागे राहते. म्हणून अंगावरील बधिर चट्टा लपवू नये. वेदना ही देवाची देणगी आहे, असे ब्रँड मानीत. ख्रिस्ताचे शरीर म्हणविणाऱ्या मंडळीलाही हे लागू आहे: दुखावलेल्या अवयवाची कळ जिला पोहोचत नाही, ती आपले अवयव नकळत गमावते.