थोर शास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी

आकाशात एखादा तारा कधी कधी अचानक कोट्यवधी पटींनी उजळतो आणि काही महिन्यांत मंद होऊन जातो. तो नवा तारा नव्हे बरं का! जुन्या ताऱ्याचा तो स्फोट असतो. त्याला अतिनवतारा किंवा सुपरनोव्हा म्हणतात. हे नाव रूढ करणाऱ्यांपैकी एक म्हणजे फ्रिट्झ झ्विकी.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरिया देशातील वार्ना या शहरी झाला. वडील स्वित्झर्लंडचे व्यापारी. सहाव्या वर्षी फ्रिट्झला शिकायला स्वित्झर्लंडला आजी-आजोबांकडे धाडले. पोराने व्यापार शिकावा असे घरच्यांना वाटे. पण त्याचे मन गणित व पदार्थविज्ञानात रमले. १९२५ साली ते अमेरिकेस गेले व पुढे तेथेच प्राध्यापक झाले.

१९३४ साली त्यांनी व वॉल्टर बाडे यांनी असे मांडले की, मोठा तारा फुटल्यावर मागे न्यूट्रॉन कणांचा लहानसा पण भयंकर जड गोळा उरतो. पुष्कळांना ते पटले नाही. त्यात झ्विकींचा स्वभाव तापट, बोलणे फटकळ. पण ते नुसते वाद घालत बसले नाहीत. १९३६ साली पालोमार डोंगरावर १८ इंची दुर्बीण बसली आणि त्यांनी फुटणारे तारे शोधायला सुरुवात केली.

आकाशाच्या एका भागाचा फोटो काढायचा. काही दिवसांनी त्याच भागाचा पुन्हा काढायचा. मग दोन्ही फोटो ठिपक्या-ठिपक्याने ताडून पाहायचे. आपल्या देवणी गाईंच्या कळपात परकं वासरू शिरलं तर गुराखी चटकन ओळखतो, कारण त्याला रोजचा कळप पाठ असतो. तसंच हे! १९३७ पासून एकेक तारा सापडू लागला. आयुष्यात त्यांनी सुमारे १२० अतिनवतारे शोधले.

१९६७ साली इंग्लंडमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला न्यूट्रॉन ताऱ्याचे रेडिओ संकेत मिळाले. आपले म्हणणे खरे ठरलेले झ्विकींना पाहायला मिळाले. आम्हाला त्यांची आणखी एक गोष्ट फार आवडली. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांना त्यांनी शास्त्राची पुस्तके व मासिके गोळा करून पाठवली. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी ते वारले.

पालोमारवरच २०१८ साली एक मोठे काम सुरू झाले. त्याला झ्विकींचे नाव दिले आहे. त्याचे पहिले प्रमुख श्रीनिवास कुलकर्णी. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा! येथे ४८ इंची दुर्बीण रात्रभर आपोआप फिरून फोटो काढते. एका फोटोत पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र मावतील. जुना व नवा फोटो संगणक ताडून पाहतो. कमी-जास्त उजळणारे रूपविकारी तारेही त्यात सापडतात. २०२४ अखेर या कामात दहा हजारांवर अतिनवतारे ओळखले गेले.