एकीकडे आफ्रिकेचा कप, दुसरीकडे छळछावणी : गिनीचा सेकू तुरे
पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी या छोट्या देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, हाफिया नावाचा फुटबॉल क्लब आहे. १९७२, १९७५ आणि १९७७ अशी तीन वेळा आफ्रिकेची क्लब चॅम्पियनशिप जिंकणारा हा पहिलाच क्लब. मैदानावर घाम खेळाडूंनी गाळला, पण मिरवले राष्ट्राध्यक्ष अहमद सेकू तुरे.

१९२२ सालचा जन्म. पोस्टात नोकरी करता करता तुरे कामगार पुढारी झाले. २८ सप्टेंबर १९५८ ला फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींत सार्वमत घेतलं, तेव्हा 'नाही' म्हणणारा गिनी एकटाच निघाला. २ ऑक्टोबरला स्वातंत्र्य मिळालं. चिडलेल्या फ्रेंचांनी जाताना टेलिफोनसुद्धा काढून नेले म्हणतात. हाफिया ज्या मैदानावर खेळायचा, त्याचं नावच २८ सप्टेंबर स्टेडियम.

इथवर हिरोची गोष्ट वाटते ना? पण त्याच कोनाक्रीत तुरेंची बोइरो छावणी होती. विरोधक आत जायचे, बरेचसे परत यायचेच नाहीत. डियालो तेली हे आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस, गिनीचेच. १९७६ मध्ये कटाचा आरोप ठेवून त्यांना आत टाकलं आणि १९७७ च्या सुरुवातीला अन्नपाणी तोडून मारलं. त्याच वर्षी घानाच्या हार्ट्स ऑफ ओकला हरवून हाफियाने तिसरा कप आणला.

२६ मार्च १९८४ ला तुरे अमेरिकेत, हृदयावरच्या उपचारादरम्यान वारले. आठवडाभरात लष्कराने सत्ता घेतली, बोइरोतले कैदी सुटले. हाफियाला मात्र तो कप पुन्हा जिंकता आलेला नाही.